ब्रह्मगिरीची फेरी आणि पाण्याची बाटली

श्रावण जवळ आला की गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर एक विषय हमखास निघतो. यंदा फेरीला कोण कोण येणार?

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची ही फेरी सुमारे २० किलोमीटरची. कुशावर्तात स्नान करायचं, प्रयागतीर्थावरून पुढे पेगलवाडी, पहिणे करत, डोंगर उजव्या हाताला ठेवून पुन्हा त्र्यंबकला यायचं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते. याच फेरीत वाघ आडवा आला आणि लहानगा निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच.

आता वाघ आडवा येत नाही. तरी गेल्या साली आमच्यातली एक ताई पहिण्याच्या पुढे चक्कर येऊन खालीच बसली. उपास होता, पण निर्जळी नव्हता. मग पाणी का नाही घेतलं? ती हळूच म्हणाली, "वाटेत जायचं कुठं? म्हणून रात्रीपासून घोटच घेतला नाही."

सख्यांनो, हे आपण सगळ्याच करतो. एसटीत करतो, लग्नात करतो. म्हणून नीट समजून घेऊ. पावसात अंग गार राहतं, तहान कळत नाही. पण चढावर घाम येतोच, आणि घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातं. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. लघवी तासन्‌तास दाबून ठेवली की मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो. जळजळ, ताप मागे लागतो.

मग आम्ही काय ठरवलं?

घरून उकळून गार केलेलं पाणी न्यायचं. १ लिटर पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. उपासाला सैंधव चालतं. तहानेची वाट न बघता थोडं थोडं प्यायचं. सोबत केळी, राजगिऱ्याचे लाडू. कुंडाचं, ओहोळाचं पाणी डोक्याला लावायचं, प्यायचं नाही. पावसात ते स्वच्छ दिसलं तरी वरची घाण त्यात उतरलेली असते.

शौचालय दिसलं की गरज वाटो न वाटो, जाऊन यायचं. नसेल तिथे दोघी-तिघींनी साडीचा आडोसा धरायचा, पाण्यापासून लांब. त्यात लाज कसली?

साखरेचा आजार असलेल्या बाईने अनवाणी चालू नये. पायाला लागलेलं तिला कळत नाही, आणि जखम चिघळते.

आणि एक. ग्रामसभेत, तालुक्याच्या बैठकीत फेरीच्या वाटेवर बायकांसाठी शौचालयं मागायची. एकीने मागितलं तर हसतील, दहा गटांनी मागितलं तर लिहून घेतील.

ती ताई यंदा पुन्हा येणार आहे. पिशवीत पहिली बाटली तिनेच भरलीय.