पोथी लावा... गोष्टीच्या पुस्तकाची!

दिवसभर ‘अभ्यास कर’ म्हणणारा आवाज रात्री पंधरा मिनिटं गोष्ट वाचू लागला तर? लातूर-नांदेडच्या घरांना ही गोष्ट नवी नाही. आपण ती फक्त विसरलोय.

रात्रीचे साडेनऊ. लातूरचा औसा रोड असो की नांदेडचा तरोडा नाका, चित्र साधारण सारखंच. क्लास सुटलेल्या स्कूटी घराकडे निघालेल्या. फ्लॅटमध्ये पप्पा लॅपटॉपवर उद्याचं प्रेझेंटेशन उरकतायत. आई डब्याची भाजी निवडता निवडता ऑफिसच्या ग्रुपवर रिप्लाय टाकतेय. सात वर्षांचे चिरंजीव मोबाइल घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात आणि आजी आतल्या खोलीत सीरियलसमोर. माणसं चार, स्क्रीनही चार!

आता कुणी म्हणेल, ‘पोरगं वाचत नाही हो काहीच.’ पण आपल्या या दोन शहरांत ‘वाचतोय का?’ या प्रश्नाचा अर्थ काय असतो, ते जरा आठवून बघा. अर्थ एकच, अभ्यास करतोय का? ‘लातूर पॅटर्न’नं या भागातल्या कितीतरी साध्या घरांतली मुलं डॉक्टर-इंजिनियर झाली, त्याचा अभिमान आहेच. पण त्या नादात पुस्तक म्हणजे नोट्स, पुस्तक म्हणजे टेस्ट सिरीज, अशी मुलांची पुस्तकाशी ओळखच परीक्षेतून व्हायला लागली. ज्या गोष्टीची आधी धास्ती बसली, ती नंतर आवडणार कशी?

आणि हातात वेळ तरी किती आहे? देगलूर-अहमदपूरचं मूल दहावीनंतर लातूरच्या होस्टेलवर जातं. लातूरचं मूल बारावीनंतर पुण्याला. म्हणजे सहाव्या वर्षापासून मोजलं तर दहा-बारा वर्षं. त्यातही ‘पप्पा, जवळ बसू का?’ असं आपणहून विचारण्याची वर्षं चार-पाचच. बाकीच्या वर्षांत दार लावून घेतलेलं असतं.

पोथी आठवतेय?

मोठ्यानं वाचून दाखवणं ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. गावाकडं श्रावण लागला, की मारुतीच्या देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’. तिन्ही श्रीधर कवींचे ग्रंथ, साधारण १७०२ ते १७१२ या काळातले. ‘हरिविजया’चे ३६ अध्याय, ‘रामविजया’चे ४० आणि ‘पांडवप्रतापा’चे ६४. एक जण ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. समोर म्हातारी माणसं, कामावरून आलेले बाप्ये, मांडीवर पेंगणारी पोरं. त्यातल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, पण कर्ण कुठं चुकला यावर ते तावातावानं भांडू शकायचे!

नांदेडकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. १७०८ मध्ये याच शहरात गुरु गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं. गुरु ग्रंथसाहिबची १४३० पानं आळीपाळीनं, न थांबता वाचली जातात, तेव्हा अखंड पाठाला साधारण ४८ तास लागतात. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. गोदावरीकाठी ही रीत आजही चालू आहे.

म्हणजे वाचणाऱ्यानं न वाचता येणाऱ्यांसाठी वाचायचं, हे आपल्या मातीतलंच. मग घरात ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्या सर्वांत छोट्या श्रोत्यासाठी कुणीच का वाचत नाही?

कान डोळ्यांच्या पुढे असतात

‘आता त्याला स्वतःला वाचता येतं की!’ हे उत्तर हमखास येतं. गंमत इथंच आहे. मुलाला जे वाचून समजतं, त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त समजतं. जिम ट्रेलीज या अमेरिकन लेखकानं मोठ्यानं वाचण्यावर एक अख्खं हँडबुकच लिहिलं. १९८२ पासून ते जगभर गाजतंय. त्याचं म्हणणं असं, की ऐकण्याची आणि वाचण्याची समज साधारण आठवीच्या सुमारास एका पातळीवर येते. तोपर्यंत कान पुढेच. म्हणजे तिसरीतलं मूल सहावीच्या वाचकाची गोष्ट मजेत ऐकू शकतं. पण आपण नेमकं पहिली-दुसरीतच वाचून दाखवणं बंद करतो.

डॉक्टर मंडळींनीही हे मनावर घेतलंय. बोस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू झाला. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईबाबांच्या हातात डॉक्टर एक पुस्तकही ठेवतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं, बाळ तान्हं असल्यापासून वाचून दाखवा. अक्षरं शिकवायला नव्हे. आवाज, शब्द आणि मांडी हे तिन्ही एकत्र मिळावं म्हणून.

इंग्लिश मीडियममधल्या मुलांसाठी तर हे दुहेरी औषध आहे. मराठी बोलतात फर्डी, पण मराठी पान समोर आलं की अडखळतात. ‘एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन का?’ हा प्रश्न ज्यांच्या घरी येतो, त्यांना जास्त सांगायला नको. डोळ्यांना जड जाणारं मराठी कानांना जड जात नाही. आधी भाषा कानात भरू द्या, डोळे मागून येतील.

आणि भाषा कुठली, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे देगलूर-बिलोलीच्या घरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहरात उर्दू. पुस्तकातलं पात्र ‘कुठे चाललास?’ म्हणतं, आपली आजी ‘कुठं जायलालास रे?’ म्हणते. बिनधास्त आजीसारखं वाचा! पोथीचा अर्थ सांगणारा तेच करायचा. आपल्या घराची बोली पुस्तकाच्या शेजारी बसू शकते, हे मुलाला कळणं छोटी गोष्ट नाही.

‘पप्पा, हा पण क्लास आहे का?’

आता आमच्याच घरातली फजिती. मोठ्या उत्साहानं वाचन सुरू केलं. पहिल्या दिवशी गोष्ट संपल्यावर मी विचारलं, ‘मग तात्पर्य काय?’ दुसऱ्या दिवशी, ‘हा शब्द लिहून दाखव बरं.’ तिसऱ्या दिवशी पोरानं शांतपणे विचारलं, ‘पप्पा, हा पण क्लास आहे का?’ चौथ्या दिवशी पुस्तक काढलं तर साहेब झोपेचं सोंग घेऊन पडलेले.

आठवडाभर सगळं बंद. मग एका रात्री आमची आई म्हणाली, ‘त्या हत्तीचं पुढं काय झालं रे? अर्धंच ठेवलास.’ मोतीबिंदूमुळे तिला छापील दिसत नाही, पण आतल्या खोलीतून ती सगळं ऐकत होती. मी तिच्यासाठी वाचायला बसलो. दोन पानं झाली असतील, पोरगं हळूच येऊन आजीच्या पांघरुणात शिरलं. तात्पर्य मी विचारलं नाही. आजीनं विचारलं, ‘हत्ती असं कसं वागला गं बाई?’ आणि दोघांचं जे भांडण जुंपलं, ते दिवे मालवल्यावरही चालू होतं.

तेव्हा लक्षात आलं, पोथीत परीक्षा नसते. सगळेच श्रोते असतात. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली.

पोथीचे पाच नियम

१. वेळ आणि जागा ठरलेली. रोज फक्त १५ मिनिटं. वर्षाचे होतात जवळजवळ ९१ तास!
२. रोज एकच अध्याय. ‘अजून एक पान ना!’ असा हट्ट झाला, तरी उद्यासाठी राखून ठेवा.
३. सगळे बसतील. आजी-आजोबाही, दहावीतली ताईही. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
४. वाचणारा बदलता हवा. आई रोज वाचते आणि पप्पा ऐकतात, असं नको. टूरवर असाल तर फोनवरून वाचा.
५. प्रश्न मुलांनी विचारायचे, आपण नाही. आणि पुस्तक संपलं की समाप्तीचा प्रसाद हवाच. शिरा चालेल, आइस्क्रीम धावेल.

सुरुवात कशानं कराल?

३ ते ६ वर्षं : माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीतल्याही चित्रगोष्टी मोफत मिळतात. खिशाला चाट नाही!

७ ते ९ वर्षं : बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय, म्हणजे कदाचित तुम्हीही ते वाचलं असेल. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ही घ्या. तो पुस्तकाआधी आकाशवाणीवर ऐकला गेला होता, त्यामुळे मोठ्यानं वाचायला झकास.

९ ते १२ वर्षं : भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. २०२२ च्या उदगीरच्या साहित्य संमेलनाचे हेच अध्यक्ष. या पुस्तकाला २०२४ चा साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार मिळाला.

सगळ्यांसाठी : साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मुळातच रात्री सांगितलेल्या गोष्टींचं आहे. प्रकरणांऐवजी रात्री, एकूण ४२. काळ जुना आहे, मुलं अवघड प्रश्न विचारतील. थांबा, बोला, मग पुढे जा. रोज एक रात्र म्हटलं तर दीड महिन्यात पुस्तक पूर्ण. रडू आलं तर लपवू नका. मुलांनी आईबाबांना रडताना बघितलं तर काही बिघडत नाही.