साठेखत झालं म्हणजे जमीन आपली?

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात व्यवहार ठरला की विसार दिला जातो, साठेखत होतं आणि घेणारा पाहुण्यांना सांगतो, ‘जमीन घेतली.’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (१८८२) कलम ५४ सांगतं की, नुसत्या अशा कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. साठेखताला कुलमुखत्यारपत्र जोडलं तरी मालकी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावलं.

इंग्लंडात मात्र करार होताच घेणारा समन्यायाने, म्हणजे इक्विटीने, मालक मानला जातो. याचं मूळ इतिहासात आहे. तिथली कॉमन लॉची न्यायालयं ठरावीक नमुन्याच्या रिटवर, म्हणजे राजाच्या नावे निघालेल्या लेखी आदेशावर, चालत. करार मोडला तर ती भरपाई देत, जमीन नाही. मग लोक राजाकडे दाद मागत आणि राजा ते अर्ज चॅन्सलरकडे, म्हणजे आपल्या प्रमुख मंत्र्याकडे, सोपवी. चॅन्सलर समोरच्याच्या सद्सद्विवेकाला जाब विचारी: कबूल केलंस ना, मग करून दे. कॉमन लॉची न्यायालयं आणि चॅन्सलरचं न्यायालय यांच्यात तंटा पेटला, तेव्हा १६१६ मध्ये राजा पहिल्या जेम्सने चॅन्सलरच्या बाजूने कौल दिला.

पण म्हणून समन्याय म्हणजे न्यायाधीशाची मर्जी, हेही खरं नाही. सुरुवातीला चॅन्सलरगणिक निकाल बदलत. पुढे त्याचे पक्के नियम झाले. दाद मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत, हा त्यातलाच एक. १८७३-७५ च्या कायद्यांनी दोन्ही न्यायालयं एक झाली.

‘हे साहेबाचं, आपल्याला काय?’ असंही म्हटलं जातं. पण एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यातल्या मुलकी न्यायालयांना क्रम घालून दिला: आधी लिखित कायदा, मग रिवाज, मग प्रतिवादीचा कायदा, यातलं काहीच नसेल तर न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक. समन्यायाची हीच दृष्टी पुढेही दिसते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि तो पुणे जिल्ह्याला, म्हणजे खेड-हवेलीलाही लागू झाला. दस्तावर आकडा काहीही असो, देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब तपासणं त्याने न्यायालयाचं काम ठरवलं. कुळाच्या अंगठ्यामागची खरी हकीकत न्यायालयात मांडता आली, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे चॅन्सलरचं वेगळं न्यायालय नाही. त्याची तत्त्वं कलमांत उतरली आहेत. करार प्रत्यक्ष पुरा करून घेण्याची दाद १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये आहे. पूर्वी ती देणं न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. २०१८ च्या दुरुस्तीने तो विवेकाधिकार बराचसा काढून घेतला. तरीही आपण पैसे द्यायला सतत तयार होतो, हे घेणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. साठेखताच्या जोरावर मिळालेला ताबा टिकवायचा तर २००१ पासून ते नोंदणीकृतच लागतं. नोटरीचा शिक्का पुरत नाही.

करार पुरा करून घेण्याचा दावा लावायला मुदत तीन वर्षांची. आपलं साठेखत काढा आणि त्यात खरेदीखताची तारीख लिहिली आहे का ते बघा. ती उलटून तीन वर्षं होत आली असतील, तर आजच वकील गाठा.