न्हाणी दिसायला नव्हे, न्हायला हवी



घर बांधताना आपण कशाकशाचा विचार करतो! दाराची दिशा, देवघर, धान्याची खोली, गुरांचा गोठा, पुढची ओसरी. न्हाणीची पाळी येते सगळ्यांत शेवटी. गवंडी विचारतो, "बाथरूम कशी करू?" आणि आपण सांगून मोकळे होतो, "शहरात लॉजवर असते तशी कर." इथेच घोडे पेंड खाते. लॉजवरची न्हाणी पाहायला छान असते. पण तिचे खरे गुण तिच्यात अंग धुतल्यावरच कळतात.

दोन रात्रींचा मुक्काम

वऱ्हाडातल्या माणसाला अकोला-अमरावतीचा फेरा चुकत नाही. कोणाला दवाखाना, कोणाला कोर्ट, कोणाला कृषी विद्यापीठाचे बियाणे. आम्हीही दर्यापूरकडून अकोल्याला गेलो ते आईच्या मोतीबिंदूसाठी. बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर खोली घेतली. न्हाणी नवी कोरी. फरशी अशी चकचकीत, की तोंड पाहून घ्यावे.

पण दार आत उघडणारे. ते ढकलले की कमोडवर आदळायचे. आधी आत शिरायचे, भिंतीला अंग चोरून उभे राहायचे, मग दार लावायचे. नळ इतका खाली, की बादली त्याच्याखाली बसेना. ती तिरपी धरून अर्धी भरायची आणि उरलेली मगाने. खुंटी एकच, तीही शॉवरच्या माऱ्यात. म्हणजे अंगावर घालायचे कपडे आधीच ओले. उतार मोरीकडे असायचा तो दाराकडे. एका आंघोळीत पाणी खोलीत आले आणि खाली घातलेले माझे अंथरूण भिजले.

हे सगळे हसून सोडून दिले असते. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावले होते, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, आंघोळ गळ्याखालूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बादली भरायला चावी फिरवली. ती नळाची नि शॉवरची एकच! वरून एकदम पावसाची सर आली. नशिबाने ती वाकलेली होती, पाणी पाठीवर गेले. दचकून मागे सरकली तो पाय घसरला. मी दंडाला धरले म्हणून सावरली. धाप लागली तरी म्हणाली, "बाप्पा! काहून केली अशी न्हानी? मानसाले आंग धुवाले जागा तं पाहिजे ना!"

तिच्या या एका वाक्यात सगळे आले. अशी न्हाणी उभ्याने शॉवर घेणाऱ्यासाठी बेतलेली असते. आपण बसून, बादलीने, तांब्या-तांब्याने न्हातो. तिथेच कपडे धुतो, लेकरांना न्हाऊ घालतो. रीत आपली आणि आखणी दुसऱ्याची. मग मेळ बसायचा कसा? कमोडला मात्र नावे ठेवू नका. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार होतो. तो बसवावा, पण दाराच्या वाटेत नको.

वऱ्हाडाने घालून दिलेला धडा

उतरणारा माणूस कोण आहे हे पाहून जागा बांधावी, हे आपल्या भागाला नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. ज्या वारकऱ्यांना पंढरपुरात कोणी ओसरी देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. स्वतःजवळ खराटा आणि गाडगे. पण दुसऱ्याच्या निवाऱ्याची नि स्वच्छतेची काळजी जन्मभर वाहिली. १९५६ साली बाबा गेले. पुढे २०००-०१ पासून राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू झाले. त्या अभियानात गावाची गटारे साफ केली, तशी आपल्या घरातली मोरीही नीट बांधू या.

गवंड्याला काय सांगाल?

जागा निदान चार फूट बाय पाच फूट ठेवा. पाट मांडून बसता आले पाहिजे आणि शेजारी बादली मावली पाहिजे. दार बाहेर उघडणारे करा. आत कोणी घसरून पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदतीला जाता येत नाही.

फरशी खरबरीत हवी. घासकाम न केलेली शहाबादी चालते. चकचकीत टाइल भिंतीला शोभते, पायाखाली नको. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा इंच-दीड इंच खाली घ्या आणि दारात छोटा उंबरा ठेवा. उतार मोरीकडे, फुटाला पाव इंच. नळ जमिनीपासून वीस ते चोवीस इंचांवर, म्हणजे बादली सुखाने बसते. शॉवर हवाच असेल तर त्याची चावी वेगळी. कोरडे कपडे ठेवायला पाण्यापासून दूर दोन खुंट्या, साबणाला कोनाडा, वर हवेला जाळी. आणि कमरेच्या उंचीवर भिंतीत पक्का लोखंडी पाइप बसवा. म्हाताऱ्या माणसाला आणि दिवस भरलेल्या बाईला तो हाताशी लागतो.

मोरीच्या तोंडाला 'न्हाणी ट्रॅप' बसवायला विसरू नका. आपल्याच न्हाणीचे नाव इंजिनिअरांच्या पुस्तकात जाऊन बसले आहे! त्याच्या वाकात थोडे पाणी कायम साचून राहते; त्यामुळे गटाराची घाण आणि झुरळे वर येत नाहीत.

काळी माती, खारे पाणी

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की न्हाणी घरापासून तडकून सुटते. म्हणून तिचा पाया घराबरोबरच खोल घ्या. या मातीत पाणी लवकर मुरत नाही. एकट्या शोषखड्ड्यावर विसंबू नका. सांडपाणी परसातल्या केळीला, अळूला द्या.

पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात मात्र बोअरचे खारे पाणी झाडाला सोसत नाही आणि मातीही बिघडते. तिथे नालीची सोय आधी पाहा. हे पाणी शॉवरच्या बारीक भोकांत पांढरी पुटे धरून ती बुजवते. साधा नळच तिथे टिकतो.

शेवटचा हिशेब

'स्वच्छ भारत'मध्ये २०१४ पासून शौचालयासाठी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले, गावोगाव शौचालये उभी राहिली. पण कित्येक घरी बाया अजून तट्ट्याआड, उजाडायच्या आत अंग धुतात. म्हणून घरकुलाचे काम निघाले की न्हाणीचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवा. नळ किती उंच, खुंटी कुठे, हे त्यांनाच विचारा.

आणि गवंड्याचा शेवटचा हिशेब करण्याआधी न्हाणीत चार बादल्या पाणी ओता. दहा मिनिटांनी आत जाऊन पाहा. कुठे डबके नाही, उंबऱ्याबाहेर थेंब नाही, तर पैसे हातावर ठेवा. पाणी साचले असेल, तर फरशी कितीही सुंदर असो, ती पुन्हा काढायला सांगा. एका दिवसाची मजुरी जाईल. पण घरातल्या म्हातारीचे हाड मोडले, तर ती किंमत कोणत्याच हिशेबात बसत नाही.