माती खाते स्क्रूचे पाते



शेळगाव गटात फिरताना एका सभासदाने हटकले, "साहेब, तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळतोय आणि तुम्ही कारखाना बंद म्हणता. नुकसान कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी बॉयलरखालची राख ओढणारा स्क्रू अडकला होता.

शेवयाच्या यंत्रात पीठ पुढे ढकलणारा स्क्रू असतो ना, तसाच हा, पण लांबलचक, पन्हळीत फिरणारा. उसाबरोबर आलेली माती-वाळू भुशातून बॉयलरमध्ये जाते. ती जळत नाही, राखेत उतरते आणि पात्याची कड कानशीसारखी घासते. कड झिजली की पन्हळीशी फट वाढते, राख मागे घसरते, साचते.

इंजिनिअर मंडळी कडेवर कठीण धातूचे वेल्डिंग चढवतात, फेरे कमी ठेवतात. असल्या मालाने पन्हळ साधारण १५ टक्केच भरावी, असा संकेत आहे. याने झीज लांबते, थांबत नाही.

बाकीचे काम फडातले. तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद करा. ऊस जमिनीलगतच तोडा, बुडख्याकडे साखर जास्त. पण मुळ्या आणि ढेकळे मोळीत नकोत. माती वजनात भरते, असे काहीजण हळूच म्हणतात. भरते खरी, पण उतारा घटतो आणि दर उताऱ्यावर ठरतो, सगळ्यांचाच!

मोळी बांधण्याआधी बुडखे आपटून घ्यावेत. मुकादमाला हे कोयता लागण्यापूर्वीच सांगा, नंतर तो ऐकत नाही.