बिदागी न घेणारे हात

अनंत चतुर्दशीला राजाबाजारातला संस्थान गणपती हलला की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराची विसर्जन मिरवणूक सुरू होते. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी करत ती औरंगपुऱ्यात येते आणि जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या विहिरीपाशी थांबते. या वाटेवर दोन तऱ्हांचे वादक भेटतात. लग्नाच्या बँडमधल्या वादकाचं पोट त्याच्या क्लॅरिनेटवर चालतं. ढोल-ताशा पथकातला वादक मात्र कॉलेज, नोकरी किंवा दुकान सांभाळून आलेला असतो. मंडळाकडून सुपारी मिळते ती पथकाला. तिच्यातून ढोलांची पानं, दोऱ्या, टेम्पोचं भाडं भागतं.

या वाद्यांमागचा प्रवास मोठा आहे. ताशा आपल्याकडे इराणी-इस्लामी वाद्यपरंपरेतून आला आणि मोहरमच्या मिरवणुकांत रुजला. 19व्या शतकात मजुरीसाठी सातासमुद्रापार गेलेल्या भारतीयांनी तो त्रिनिदादला नेला; तिथे आजही तो मोहरमला वाजतो आणि लग्नांतही. इकडे महाराष्ट्रात त्याने ढोलाशी जोडी जमवली आणि गणपतीपुढे मानाची जागा घेतली.

गावोगावची पथकं जत्रेत आणि पालखीपुढे वाजवत आलीच होती. पुण्याजवळच्या मुळशी-मावळातल्या पथकांचा तर दबदबा होता. शहरी विद्यार्थ्यांना या वादनाची गोडी लावण्यात मोठा वाटा अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचा. तिथल्या बरचीनृत्याच्या आणि ढोल-ताशाच्या पथकांनी शिस्तबद्ध वादनाचा पायंडा पाडला, मुलींच्या हातीही ढोल दिला. पुढे शाळाशाळांची पथकं झाली आणि ही लाट राज्यभर पसरली.

पथकाचं वर्ष वाद्यपूजनाने सुरू होतं. मग पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव. ढोल कमरेला बांधायचा, एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर तळहाताची थाप. वजनाने कंबर भरून येते, बोटं सोलवटतात. पान सैलावलं की दोऱ्या ओढून ढोल ताणावा लागतो. लय ठरवतो ताशा: त्याची तर्री, म्हणजे काड्यांची जलद सर, सुटली की ढोलांनी ‘हात’, म्हणजे बसवलेला ताल, उचलायचा, झांजेने आणि टोलाने तो सावरून धरायचा. पन्नास ढोलांत एकाची थाप मागे पडली तरी कानाला कळतं. म्हणून नवख्याला लगेच मिरवणुकीत उभं करत नाहीत.

हौशी वादकांनी वारसा खांद्यावर घेण्याची ही रीत जगभर दिसते. 1847 मध्ये धर्मगुरू आल्बर्टस फान राल्टे यांच्यासोबत आलेल्या डच कुटुंबांनी अमेरिकेत मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं गाव वसवलं. 1929 पासून तिथे मे महिन्यात ट्युलिपचा उत्सव भरतो. मिरवणुकीआधी डच पोशाखातले लोक रस्ते धुऊन काढतात, आणि गावच्या हायस्कूलचा बँड लाकडी बूट घालून वाजवत चालतो. आज त्या गावात मेक्सिकन वंशाची कुटुंबंही मोठ्या संख्येने राहतात. डच पूर्वज नसलेली मुलंही तो वारसा चालवतात. त्याच अमेरिकेत मराठी कुटुंबांची ढोल-ताशा पथकं आहेत. आठवडाभर संगणकासमोर बसणारे शनिवार-रविवारी तालमीला जमतात.

मोहरमचा ताशा गणपतीपुढे, डचांचा उत्सव मेक्सिकन मुलांच्या हाती. वारसा रक्तातून येत नाही, सरावातून येतो.

या वादनावर आक्षेपही आहेत आणि ते खोटे नाहीत. 2000 च्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. मोठं पथक ती सहज ओलांडतं. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना 30 जणांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. संख्या वाढवण्याच्या चढाओढीत तालाची सफाई हरवते, हे जुने वादकही मान्य करतील. पथक मोजावं ते ढोलांच्या संख्येवर नव्हे, थापेच्या एकजिनसीपणावर.

एक काम मात्र राहून जातं. पथकांचा इतिहास मोबाइलमधल्या चित्रफितींपलीकडे फारसा कुठे जपला जात नाही. पहिला ढोल कोणी दिला, कोणता हात कोणी बसवला, मुली पथकात कधी आल्या, हे जुन्या वादकांना विचारून प्रत्येक पथकाने एका वहीत लिहून ठेवावं. पुढच्या वाद्यपूजनाला ढोल-ताशांशेजारी ती वहीही पुजावी.