श्रोणिरोहिण्यांचे स्तरविदारण व त्यावरील अल्पछेदी उपचार

‘डिसेक्शन’ हा शब्द ऐकताच वैद्यकाच्या विद्यार्थ्यास शवविच्छेदनाचे स्मरण होते. रोहिणीच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. रोहिणीची भित्ती अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर अशी तीन थरांची असते. अंतःस्तरास चीर पडली, की दाबाखालील रक्त मध्यस्तरात शिरते आणि थर विलग करीत पुढे सरकते. म्हणून येथे ‘स्तरविदारण’ ही संज्ञा योजिली आहे. अशा रोहिणीत खरा व खोटा असे दोन मार्ग होतात. खोटा फुगला म्हणजे खरा दबतो, अथवा दुर्बल झालेली भित्ती फुगून फुटण्याचा संभव असतो.

उदरातील महारोहिणी चौथ्या कटिकशेरुकेच्या पातळीवर दुभंगून दोन श्रोणिरोहिण्या होतात. प्रत्येकीची बाह्य शाखा पायाकडे, तर आंतर शाखा श्रोणीतील इंद्रिये व नितंब यांकडे जाते. येथील विदारण बहुधा महारोहिणीतून खाली उतरलेले असते; केवळ श्रोणिरोहिणीपुरते मर्यादित विदारण विरळाच. उच्च रक्तदाब, रोहिणीकाठिण्य, आघात, संयोजी ऊतकाचे आनुवंशिक विकार आणि क्वचित तपासणीसाठी घातलेल्या नळीचा धक्का ही त्याची कारणे होत.

लक्षणे नसल्यास रक्तदाबाचे नियंत्रण व नियमित देखरेख पुष्कळदा पुरेशी ठरते. पायाचा रक्तपुरवठा घटल्यास अथवा भित्ती फुगू लागल्यास मात्र हस्तक्षेप करावा लागतो. पूर्वी त्यासाठी उदर उघडणे अपरिहार्य असे. सेल्डिंगर यांनी १९५३ साली सुई व तारेच्या साह्याने वाहिनीत नळी घालण्याची रीती प्रसिद्ध केली. १९६४ साली डॉटर यांनी तीच वाट धरून मांडीतील अरुंद रोहिणी शस्त्रक्रियेविना रुंद केली. आजचे उपचार याच परंपरेतील आहेत. जांघेतील रोहिणीतून तार वर सरकवितात व तिच्यावरून धातूची जाळीदार नलिका, म्हणजे स्टेंट, नेऊन फुलवितात. सुटलेला थर भित्तीस चिकटून दाबला जातो व खरा मार्ग मोकळा होतो. भित्ती फुगली किंवा फुटली असल्यास वेष्टित स्टेंट वापरतात.

या कृतीचे मर्म तारेत आहे. ती खोट्या मार्गात शिरली आणि तेथेच स्टेंट फुलविला, तर खरा मार्ग बंद पडेल. वेष्टित स्टेंटने आंतर शाखेचे मुख झाकले गेल्यास चालताना नितंबात वेदना उद्भवू शकतात.

ही साधने मोठ्या रुग्णालयांतच असतात. उल्हास नदीकाठच्या दहिवलीसारख्या गावातील रुग्णास मुंबई गाठण्यासाठी कर्जतहून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटर जावे लागते. आणि पायाचा रक्तपुरवठा पूर्णपणे तुटल्यास स्नायूंची हानी सुमारे ६ तासांत कायमची होऊ लागते. अपघातानंतर किंवा अकस्मात उद्भवलेल्या वेदनेत दोन्ही जांघांतील नाडी हाताने चाचपून तुलना करणे यास कोणतेच यंत्र लागत नाही. एका बाजूची नाडी क्षीण व पाय थंड असेल, तर रुग्णास तत्काळ पुढे पाठवावे. उपचार मुंबईत होतो खरा. परंतु पाय वाचेल की नाही, हे पुष्कळदा गावातील पहिल्या तपासणीवरच ठरते.