भाऊसाहेबांचे दप्तर : स्मृतिभ्रंशाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेवगाव तालुक्यातील एका गावी, आमच्या नात्यातच, तलाठी म्हणून उभी हयात सरकारी चाकरीत काढलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. गाव त्यांना अजूनही भाऊसाहेब म्हणूनच हाक मारतो. कोणत्या गटाचा फेरफार कोणत्या साली मंजूर झाला आणि नाथसागराच्या पाण्याखाली कोणाची किती जमीन गेली, हे ज्यांना कागद न उलगडता सांगता येत असे, तेच भाऊसाहेब आता दिवेलागणीला ओट्यावर येतात आणि ‘माझे दप्तर कुठे आहे? उद्या कचेरीत वसुलीचा भरणा करायचा आहे,’ असे विचारीत येरझारा घालू लागतात. त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे हे उमगण्यापूर्वी घरच्यांची दोन वर्षे गैरसमजांत गेली. तेच गैरसमज घरोघरी असल्यामुळे त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेतो.

गैरसमज : ‘साठी बुद्धी नाठी’, वय झाले की असे व्हायचेच.

वस्तुस्थिती : लग्नाच्या मांडवात एखाद्या पाहुण्याचे नाव चटकन न आठवणे हा वयाचा परिणाम होय, परंतु ज्या वाटेने चाळीस वर्षे कचेरी गाठली, ती वाट शेवगावच्या स्टँडवर उतरल्यावर न उमगणे हे मेंदूच्या व्याधीचे लक्षण आहे. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णेची हकीकत विद्वानांपुढे मांडली, ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी एकावन्न वर्षांची होती. त्यांचेच नाव लाभलेला आजार स्मृतिभ्रंशाच्या साठ ते सत्तर टक्के रुग्णांत कारणीभूत असतो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. शंभरांतील ब्याण्णवांहून अधिक वृद्धांना जो विकार नाही, त्याला वार्धक्याचा धर्म कसे म्हणावे?

गैरसमज : ही बाहेरची बाधा आहे, नाहीतर वेड, डॉक्टर काय करणार?

वस्तुस्थिती : थायरॉईडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम किंवा पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त यांमुळेही स्मृती ढळते, आणि या कारणांवर उपचार करता येतात. म्हणून अंगारा-धुपाऱ्यात दिवस न दवडता ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घेणे हे पहिले कर्तव्य. माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर जंतुसंसर्गासारखे कारण असू शकते; तेथे विलंब मुळीच करू नये. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. काही औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात. मात्र रात्री शांतता लाभावी म्हणून आपल्या मनाने झोपेच्या वा गुंगीच्या गोळ्या देणे धोक्याचे आहे. त्यांनी तोल जातो, भ्रम वाढतो.

गैरसमज : ते मुद्दाम करतात, नीट समजावले की आठवेल.

वस्तुस्थिती : या आजारात बहुधा नवी आठवण प्रथम पुसली जाते आणि जुनी मागाहून. आपण निवृत्त झालो हे भाऊसाहेब विसरले, परंतु वसुलीची तारीख त्यांच्या मनात जागी राहिली. ‘अहो, नोकरी संपून वीस वर्षे झाली,’ असे पत्नीने सांगितले की ते संतापत, कारण त्यांच्या लेखी ती लबाडी असे. अखेर सुनेने मार्ग काढला. जुनी वर्तमानपत्रे आणि विजेची बिले तिने तांबड्या रुमालात बांधली आणि म्हणाली, ‘मामा, दप्तर हे घ्या. तपासून ठेवा, मग जेवायला बसू.’ त्यांनी गाठ सोडली, प्रत्येक कागद मांडीवर सरळ केला, कडा जुळवल्या, पुन्हा गाठ मारली आणि ते मुकाट्याने पाटावर येऊन बसले. स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेचे सार या प्रसंगात आहे : वाद घालू नये, परीक्षा घेऊ नये, मागणीमागची काळजी ओळखून तिचे समाधान करावे.

गैरसमज : आठवत नाही, म्हणजे त्यांना काही कळतही नाही.

वस्तुस्थिती : प्रसंग विस्मरणात गेला तरी त्याने उमटलेली भावना मागे राहते, कोणी ओरडले हे विसरेल, पण भीती उरेल. सकाळी न्याहारी केल्याचे न आठवणारे भाऊसाहेब हरिपाठ मात्र टाळाच्या ठेक्यावर अखंड म्हणतात. म्हणून त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी परक्यासारखे बोलू नये. स्नान, भोजन आणि फिरणे यांच्या वेळा पक्क्या ठेवाव्यात आणि धान्य निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे असे जमेल ते काम त्यांच्या हाती द्यावे. सायंकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा दिवा लवकर लावावा. घराबाहेर पडून वाट चुकण्याचाही धोका असतो, आणि उभ्या उसात शिरलेला माणूस दहा हातांवरूनही दिसत नाही. यास्तव खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, अलीकडचे छायाचित्र जपावे आणि शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. लपवालपवी करणाऱ्या घराचा माणूस शोधायला गाव उशिरा धावतो.

गैरसमज : मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केले की व्यवहाराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मनाने असमर्थ झाला की ते सामान्यतः संपुष्टात येते, आणि मग पालकत्वासाठी न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागतो. म्हणून समज शाबूत आहे तोवरच मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन आणि जमिनीचे दस्तऐवज वकिलाच्या सल्ल्याने, आणि मुख्य म्हणजे त्या व्यक्तीच्या इच्छेने, मार्गी लावावेत.

गैरसमज : बाहेरची मदत घेणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे.

वस्तुस्थिती : ही शुश्रूषा वर्षानुवर्षे चालते आणि तिचा भार बहुधा एकाच स्त्रीवर पडतो. ती खचली तर रुग्णाचेही हाल होतात. प्रशिक्षित परिचारक, मोठ्या शहरांतील दिवसभराची सेवाकेंद्रे किंवा कायम निवासाची व्यवस्था हा परित्याग नव्हे. नियमित भेटी आणि माया चालू असेल, तर तीही सेवाच होय. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ या शासकीय क्रमांकांवर विचारणा करता येते. नातलगांनी पाळी वाटून घेणे हा तर सर्वांच्या हातचा उपाय.

भाऊसाहेबांच्या घरी हे उशिरा सुचले. मागल्या महिन्यात त्यांची लेक पैठणहून आली, तेव्हा कुठे सून चार दिवस माहेरी जाऊन आली. त्या चार दिवसांत त्यांनी दप्तराला लेकीचा हात लागू दिला नाही. सून परतली तेव्हा त्यांना तिचे नाव आठवले नाही. परंतु ती उंबऱ्यात दिसताच ते उठले आणि तांबडा रुमाल त्यांनी आपण होऊन तिच्या हाती दिला.